दिसेल तेवढाच वेग

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात देवळा हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस सातमाळ्याची डोंगररांग आहे, तर उत्तरेस गिरणा नदीचे खोरे पसरले आहे. विंचूरहून प्रकाशाकडे जाणारा हमरस्ता देवळ्यातून जातो, आणि मुंबई-आग्रा महामार्ग ह्याच तालुक्यातील उमराणे गावावरून पुढे मालेगावकडे जातो. कांदा हे ह्या मुलखाचे मोठे पीक. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास शेतातून लाल कांदा निघू लागला, की भल्या पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्या बाजार समितीची वाट धरतात. त्याच रस्त्यांवरून एसटीच्या बसगाड्या जातात, दुधाचे कॅन बांधलेल्या मोटारसायकली जातात आणि पाठीवर दप्तरे घेतलेली शाळेची मुलेही जातात.

हिवाळा हा एरवी मोठ्या सुखाचा ऋतू. परंतु वाहन चालविणाऱ्याची तो परीक्षा पाहतो. नाशिक जिल्हा महाराष्ट्रातील थंड जिल्ह्यांपैकी एक आहे. निफाडच्या परिसरात पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवसांत पहाटेच्या वेळी नदीकाठच्या आणि सखल भागातल्या शिवारांवर दाट धुके उतरते. शेतकरी त्याला ‘धुई’ म्हणतात. धुई पडली, की नेहमीच्या पायाखालचा रस्ताही परका होतो.

अशाच एका पहाटेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मळ्यातल्या एका घरासमोर ट्रॅक्टर उभा आहे. मागच्या ट्रॉलीत कांदा काठोकाठ भरला आहे. घरातील बारा वर्षांचा मुलगा कानटोपी घालून बाहेर आला आहे. त्याला घाई झाली आहे.

“नाना, चला ना लवकर. उशीर झाला तर सकाळचा लिलाव हुकेल,” तो म्हणतो.

“हुकला तर हुकला. कांदा दुपारीही विकता येतो,” वडील शांतपणे उत्तर देतात. “समोरचे कडुनिंबाचे झाड दिसते का तुला?”

“नाही दिसत.”

“रोज ते इथून दिसते. आज दिसत नाही. मग आज रोजच्यासारखे कसे जाता येईल? जा, फडके ओले करून आण आणि ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा नि चकचकीत पट्ट्या पुसून काढ.”

मुलगा खट्टू होतो. परंतु फडके आणावयास जातो. त्याच्या वडिलांच्या ह्या साध्या बोलण्यात सुरक्षित वाहन चालविण्याचे सारे शास्त्र सामावलेले आहे. ते नीट समजावून घेतले पाहिजे.

प्रथम धुके म्हणजे काय ते पाहू. दिवसा जमीन उन्हाने तापते. हिवाळ्याच्या रात्री आकाश निरभ्र असते आणि वारा पडलेला असतो. अशा वेळी जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देते व थंडगार होते. तिच्यालगतची हवाही थंड होते. थंड हवेत पाण्याची वाफ फारशी राहू शकत नाही. म्हणून त्या वाफेचे अतिसूक्ष्म जलकण बनतात आणि ते हवेतच तरंगत राहतात. हेच धुके होय. ते जमिनीला टेकलेला ढगच असतो, असे म्हणावयास हरकत नाही. थंड हवा जड असते व ती उताराकडे वाहत जाऊन सखल भागात साचते. नदीच्या काठी आणि पाणी भरलेल्या शेतांवर हवेत ओलावाही पुष्कळ असतो. त्यामुळे चढावर रस्ता स्वच्छ दिसतो, आणि उतरून ओढ्याच्या पुलाशी येताच वाहन एकाएकी पांढऱ्या भिंतीत शिरते. धुके सगळीकडे सारखे नसते, हाच त्याचा मोठा धोका आहे.

धुक्यात शिरल्यावर पुष्कळ चालक एक चूक करतात. नीट दिसत नाही म्हणून ते दिव्याचा झोत दूरवर टाकतात. चालकांच्या बोलीत ह्या झोतास ‘अप्पर’ म्हणतात. वस्तुतः त्याने दिसणे वाढत नाही, उलट कमी होते. तो झोत समोरच्या असंख्य जलकणांवर आदळतो आणि उलट फिरून चालकाच्याच डोळ्यांत येतो. समोर जणू पांढरा पडदा सोडल्यासारखे होते. म्हणून धुक्यात झोत खाली, म्हणजे ‘डिपर’वर, ठेवावा. पुष्कळ गाड्यांना धुक्यासाठी वेगळे दिवे बसविलेले असतात. तेही गाडीच्या पुढच्या अंगाला खाली असतात, ते ह्याच कारणासाठी. रस्त्याच्या डाव्या कडेला पांढरी रेषा आखलेली असेल, तर तिच्या आधाराने चालावे. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटून जाणे हा मात्र आधार नव्हे. ती गाडी चुकली, तर मागची गाडीही चुकते.

धुक्याची आणखी एक फसवणूक आहे. वाहन किती वेगाने चालले आहे, हे माणसास पुष्कळ अंशी बाजूने मागे पळणाऱ्या झाडांवरून, खांबांवरून आणि घरांवरून कळते. धुक्यात हे सारे पुसट होते. त्यामुळे वाहन प्रत्यक्षात वेगाने जात असले, तरी ते सावकाश चालले आहे असा भास होतो. अशा वेळी मनाच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. वेग दाखविणाऱ्या काट्याकडे अधूनमधून पाहावे लागते.

आता प्रश्न असा, की वेग किती ठेवावा? ह्याचे उत्तर कोणत्याही फलकावर सापडणार नाही. ते दर क्षणी बदलते. परंतु उत्तर काढण्याची रीत सोपी आहे. वाहन थांबावयास किती अंतर लागते, हे एकदा ध्यानात आले, की रीत आपोआप कळते.

वाहन थांबविण्याचे दोन भाग असतात. समोर अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणपणे एक सेकंद जातो. दमलेल्या किंवा गप्पांत रंगलेल्या माणसास ह्याहूनही अधिक वेळ लागतो. ह्या सेकंदात वाहन पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागतो आणि वाहन काही अंतर घसटत जाऊन थांबते. ह्या दोन्ही अंतरांची बेरीज म्हणजे थांबण्याचे एकूण अंतर.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर ती आणखी सुमारे २० मीटर जाते. म्हणजे एकूण ३७ मीटर झाले. रस्ता ओला असेल, तर ब्रेक लागल्यावर सुमारे ३५ मीटर लागतात आणि एकूण अंतर ५२ मीटरांवर जाते. क्रिकेटची खेळपट्टी सुमारे २० मीटर लांब असते. तेव्हा ओल्या रस्त्यावर ही मोटार थांबावयास अडीच खेळपट्ट्यांहून अधिक जागा लागते. हीच मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ओल्या रस्त्यावरही ती सुमारे १७ मीटरांत थांबते. ती खेळपट्टीच्या आतच उभी राहिली! वेग निम्मा केला. परंतु अंतर निम्म्याहूनही पुष्कळ कमी झाले. ह्याचे कारण असे, की वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लागल्यावर लागणारे अंतर चौपट होते. हे आकडे चांगले ब्रेक आणि चांगले टायर असलेल्या मोटारीचे आहेत. टायर गुळगुळीत झालेले असतील, किंवा मागे भरलेली ट्रॉली असेल, तर अंतर आणखी वाढते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचे ओझे त्याला पुढे ढकलीत राहते.

ह्या गणितातून एकच नियम निघतो. जितके अंतर समोर स्वच्छ दिसते, तितक्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. धुक्यातून २५ मीटर दिसत असतील आणि थांबावयास ५२ मीटर लागत असतील, तर उरलेले २७ मीटर चालक डोळे मिटून चालला आहे असेच म्हटले पाहिजे. त्या २७ मीटरांत कदाचित काहीच नसेल. कदाचित एखादी बैलगाडी असेल, बंद पडलेला ट्रक असेल, किंवा शाळेस निघालेले मूल असेल. चालकास ते ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नाही, त्याच्यावर दुसऱ्याचा जीव पणास लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खेड्यांतील अरुंद रस्त्यांवर तर ह्याहूनही सावध राहावे लागते. तेथे समोरून येणारे वाहनही आपल्याच वाटेने येत असते आणि त्यालाही थांबावयास जागा हवी असते. म्हणून अशा रस्त्यावर जितके दिसते त्याच्या निम्म्या अंतरातच थांबता आले पाहिजे. अर्धी जागा आपली, अर्धी समोरच्याची.

हळू गेल्याने उशीर होतो, अशी अनेकांची तक्रार असते. ती खरीच आहे. पण किती उशीर होतो? १५ किलोमीटरांच्या वाटेला ताशी ६० किलोमीटर वेगाने १५ मिनिटे लागतात आणि ताशी ३० किलोमीटर वेगाने ३० मिनिटे लागतात. सगळी वाट अगदी निम्म्या वेगाने गेले, तरी पाव तासाचाच काय तो फरक. धुके फारच दाट असेल, तर रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी गाडी उभी करून ऊन वर येण्याची वाट पाहावी. सूर्य वर आला, की जमीन तापते, जलकणांची पुन्हा वाफ होते आणि धुके विरून जाते. चहाच्या टपरीवर तासभर घालविणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही.

आपणांस दिसणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपण दुसऱ्यास दिसणेही महत्त्वाचे आहे. मुलगा ट्रॉलीचा लाल दिवा पुसत होता, तो ह्याचसाठी. शेतातून आलेल्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूस चिखल आणि कांद्याची पात चिकटलेली असते. त्याखाली दिवा आणि प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या झाकून जातात. मागून येणाऱ्या चालकाने वेग कितीही बेताचा ठेवला, तरी अंधारात उभी असलेली काळी ट्रॉली त्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पट्टीवर मात्र दिव्याचा किरण पडला, की ती तो किरण पुन्हा त्याच दिशेने पाठविते आणि चालकास दुरूनच लाल चमक दिसते. पट्टीला वीज लागत नाही, तेल लागत नाही. तिला फक्त स्वच्छ राहावे लागते.

अंधारात मांजराचे डोळे चमकतात, ते सर्वांनी पाहिले असेल. इंग्लंडमध्ये यॉर्कशर परगण्यातील पर्सी शॉ ह्या गृहस्थाने त्याच तत्त्वावर रस्त्यात बसवावयाचे काचेचे डोळे तयार केले आणि १९३४ साली त्यांचे पेटंट घेतले. त्या प्रदेशात धुके पुष्कळ. वाहनाच्या दिव्याचा प्रकाश पडताच हे डोळे चमकत आणि चालकास रस्ता कोठे वळतो ते कळे. आज आपल्याकडेही महामार्गांवर व घाटांतील वळणांवर असे चमकणारे ठोकळे बसविलेले दिसतात. लोक त्यांना ‘कॅट्स आय’ म्हणूनच ओळखतात.

वाहन बंद पडले, की आपल्याकडे त्याच्या मागे रस्त्यावर दगड मांडण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असतो. पण दगड धुक्यात दिसत नाहीत. शिवाय गाडी दुरुस्त होताच चालक निघून जातो आणि दगड तेथेच राहतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलीला तेच घातक होतात. त्याऐवजी वाहन शक्य तितके रस्त्याखाली घ्यावे, त्याचे लुकलुकणारे दिवे चालू करावेत आणि बऱ्याच अंतरावर मागे प्रकाश परतविणारा लाल त्रिकोण ठेवावा. माणसांनी वाहनात किंवा वाहनाच्या मागे न थांबता रस्त्यापासून दूर उभे राहावे.

थंडीमुळे माणसाच्या हालचालीही मंदावतात. मोटारसायकल चालविणाऱ्याची बोटे गारठली, की ब्रेकची मूठ दाबावयास वेळ लागतो. म्हणून हातमोजे घालावेत. कानांवरून घट्ट गुंडाळलेल्या मफलरमुळे मागच्या गाडीचा कर्णा नीट ऐकू येत नाही; शिवाय पडल्यावर डोक्याचे रक्षण मफलर करीत नाही, हेल्मेट करते. बंद मोटारीत प्रवाशांच्या श्वासातील वाफ थंड काचेवर जमते आणि काच आतून धूसर होते. अशा वेळी काच थोडी उघडावी किंवा वाऱ्याचा झोत काचेवर सोडावा. एका हाताने काच पुसत दुसऱ्या हाताने गाडी हाकणे धोक्याचे असते.

देवळा परिसरातील वाहनांना घाटही ओलांडावे लागतात. नाशिककडे जाताना भावडबारीचा घाट लागतो, आणि महामार्गावर चांदवड व उमराणे ह्यांच्या दरम्यान राहुडचा घाट आहे. घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी मोकळी सोडणे हा शुद्ध अविचार होय. कारण त्याने इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो. सतत ब्रेक दाबून उतरल्यानेही ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सैल होते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा अनुभवी चालकांचा दंडक आहे. रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी. भरलेले वाहन चढावर एकदा थांबले, की पुन्हा हलविणे अवघड जाते. वळणावर समोरचे दिसत नाही. म्हणून तेथे दुसऱ्याच्या पुढे जाऊ नये. धुक्यातला नियम येथेही लागू पडतो. वळण म्हणजे दगडाचे धुकेच.

आता पावसाचा विचार करू. नाशिक जिल्ह्यात केवळ मृगापासूनच पाऊस पडतो असे नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी जिल्ह्याच्या अनेक भागांत ऐन हिवाळ्याच्या तोंडावर अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि पिकांचे अतोनात नुकसान झाले. असा अवचित आलेला पाऊस रस्त्यावरही घात करतो. अनेक दिवस कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर धूळ आणि वाहनांतून गळलेले तेल साचलेले असते. पहिल्या सरींनी त्याचा निसरडा लेप तयार होतो. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला शेतातला चिखल मिसळतो. म्हणून पावसाच्या पहिल्या काही मिनिटांत अधिक जपावे लागते. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीचे टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतात. मग सुकाणूही चालत नाही आणि ब्रेकही चालत नाही. त्यावर उपाय एकच. पाण्यात शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा.

पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावे, ह्याची एक सोपी कसोटी आहे. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले, की ‘एकशे एक, एकशे दोन’ असे सावकाश म्हणावे. तेवढ्यात आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर अंतर फार थोडे आहे असे समजावे. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचे अंतर हवे, आणि ओल्या रस्त्यावर चार सेकंदांचे.

पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल, तर वाहन त्यात मुळीच घालू नये. गढूळ पाण्याखालचा रस्ता दिसत नाही. आणि जो रस्ता दिसत नाही, तो तेथे आहे असे मानू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला होता. त्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिश काळातील जुना पूल कोसळला. काळोख आणि मुसळधार पाऊस ह्यांत पूल गेल्याचे कोणास कळले नाही. एसटीच्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. त्या वाहनचालकांना दोष देता येणार नाही. पूल नाहीसा होईल असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परंतु निसर्ग रागावला असताना रस्त्याविषयी काहीही गृहीत धरू नये, हा धडा त्या रात्रीने दिला. जवळच असलेल्या एका कामगाराच्या ध्यानात हा प्रकार आला आणि त्याने मागून येणारी वाहने थांबविली, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. त्याच्या त्या सावधपणामुळे किती घरांचे दिवे तेवत राहिले असतील!

परंतु संकट केवळ धुक्यातून आणि पावसातूनच येते, असेही कोणी समजू नये. देवळा तालुक्यातील लोकांना २८ जानेवारी २०२० हा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एक बस आणि एक प्रवासी रिक्षा ह्यांची धडक झाली आणि दोन्ही वाहने रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. आसपासचे लोक धावून आले, मदतीची शर्थ झाली. तरीही सव्वीस माणसांचे प्राण गेले. ती वेळ मध्यरात्रीची नव्हती, दिवसाउजेडीची होती. लख्ख उजेडातही रस्त्यावर एका क्षणात असे घडू शकते, तर ज्या पहाटे रस्त्याची कडही दिसत नाही आणि कडेची विहीरही दिसत नाही, त्या पहाटे किती जपले पाहिजे, हे ज्याचे त्याने ठरवावे. शेतीच्या मुलखात रस्त्यालगत विहिरी असणारच. त्यांना भक्कम कठडे हवेत, वळणांवर फलक हवेत, आणि ही मागणी ग्रामसभेत करण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्यास आहे.

ह्या सर्वांत मुलांचा वाटा कोणता? त्यांनी वाहन चालवावयाचे नाही, हा पहिला वाटा. वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मोटारसायकल वा ट्रॅक्टर रस्त्यावर चालविणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल पालकांनाही शिक्षा होऊ शकते. मालाच्या ट्रॉलीत किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाऊ नये. जेथे पायवाट नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. पहाटे किंवा सायंकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत. सायकलच्या मागे लाल काच असावी आणि ती पुसलेली असावी. अपघात दिसला, तर गर्दीत उभे राहून पाहत बसू नये. मोठ्या माणसांना हाक मारावी आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा तातडीच्या मदतीसाठी ११२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जखमींना मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिलेले आहे. त्यास विनाकारण त्रास दिला जात नाही. आणि घरातील कोणी घाईने निघत असेल, तर “सावकाश जा” एवढे म्हणण्यास वय लागत नाही.

इकडे त्या मळ्यातला मुलगा फडके धुऊन परत आला आहे. लाल दिवा स्वच्छ झाला आहे. वडिलांनी तो लावून पाहिला आणि मान हलविली.

“मी येऊ का मडगार्डवर बसून?” मुलाने विचारले.

“नाही. तू शाळेच्या वेळेला बसने ये. तोवर धुई उठलेली असेल.”

ट्रॅक्टर सावकाश निघाला. थोड्याच अंतरावर ट्रॉली धुक्यात मिसळून गेली. कांद्याचा ढीग दिसेनासा झाला, चाके दिसेनाशी झाली. परंतु मुलाने पुसलेला तो लाल ठिपका मात्र पुष्कळ वेळ दिसत राहिला. तो दिसेनासा होईपर्यंत मुलगा अंगणातच उभा होता. मागून येणाऱ्या कोणा अनोळखी चालकासही तो तसाच दुरून दिसणार होता, आणि त्याचा पाय वेळीच ब्रेकवर पडणार होता.

अभ्यास

१. चढावर रस्ता स्वच्छ दिसत असूनही ओढ्याच्या पुलाशी धुके का आढळते?

२. धुक्यात ‘अप्पर’ झोत का टाकू नये? कारण स्पष्ट करा.

३. “उरलेले २७ मीटर चालक डोळे मिटून चालला आहे,” असे पाठात का म्हटले आहे?

४. “वळण म्हणजे दगडाचे धुकेच,” ह्या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

५. शाळेच्या पटांगणात १७ मीटर आणि ५२ मीटर अंतर मोजून खुणा करा. दोन्ही खुणांकडे पाहून मनात आलेले विचार पाच-सहा वाक्यांत लिहा.

६. आपल्या गावातील शाळेच्या वाटेवर कोणती ठिकाणे धोक्याची आहेत, त्यांची यादी करा व ती दूर करण्याविषयी ग्रामपंचायतीस अथवा नगरपालिकेस विनंतीचे पत्र लिहा.